धागा : ॲडव्हेंचर आयलंडवर कुणी बोलतच नाही राव

शहापूरकर :

मारिओवर इथं किती धागे झाले बघा. काँट्राचा तर दर पावसाळ्यात एक नवीन निघतोच आणि सगळे त्याच तीस लाइफच्या बटणांवर येऊन थांबतात. पण ॲडव्हेंचर आयलंड म्हटलं की "हां ते कुऱ्हाडवालं, ते पण होतं की" एवढं म्हणायचं आणि लोक पुढं. मला याचा लई राग येतोय. आज सुट्टी आहे, बेळगावचा पाऊस लागलाय म्हणजे बाहेर जायचा विषयच नाही, बायको माहेरी खानापूरला, तर लिहूनच टाकतो एकदाचं.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी. टीव्ही गेमच्या त्या ९९९९ इन १ कॅसेटीत बहुतेक पहिल्याच पानावर असायचं. पांढरी टोपी, कमरेला पाला, वर उघडा, आणि अंगानं थोडा गुबगुबीत गडी. अंडं फोडायचं, कुऱ्हाड मिळवायची, उजवीकडं पळायचं. बास. आठ एरिया, प्रत्येकात चार राउंड, म्हणजे ३२. वाटेत १, २, ३, ४ अशा पाट्या, मेलास की शेवटच्या पाटीपासून परत सुरू. आणि चौथ्या राउंडाच्या शेवटी तो राक्षस, ज्याचं मुंडकं उडवलं की खालून दुसरंच मुंडकं निघतंय आणि साहेब पुढच्या एरियात पसार. धड तेच, तोंड नवीन. आमच्या गल्लीत निवडणुकीच्या वेळी यावरून लई जोक व्हायचे, असो.

आता खरं सांगायचं ते हे. वरती ती एनर्जीची पट्टी असतीय ना, ती आपोआप उतरत जाते. तुमची काही चूक नसली तरी. नुसतं उभं राहिलात तरी. फळ खाल्लं की जरा वर येते, दूध मिळालं की पूर्ण भरते, दगडाला ठेचकाळलात की कमी होते, आणि एखाद्या अंड्यातून ते वांगं निघालं की मग काय विचारता, वांगं डोक्यावर घिरट्या घालत राहतं आणि पट्टी भसाभस खाली. म्हणजे या गेममधला मोठा शत्रू साप नाही, बेडूक नाही, तो राक्षस पण नाही. पोटातली भूक हाच शत्रू. एवढी साधी आणि एवढी क्रूर आयडिया मला तरी त्या काळच्या दुसऱ्या प्लॅटफॉर्म गेमात सापडली नाही.

आणि मजा कुठं येतीय सांगू? स्केटबोर्डवर. स्केटबोर्ड मिळाला की थांबता येत नाही, मागचं बटण दाबलं तर वेग फक्त कमी होतो. आता समजा समोर शेकोटी आहे, शेकोटीच्या बरोबर वर हवेत दोन फळं लटकलीत, आणि पलीकडं एक गोगलगाय निवांत येऊलालीय. पट्टी शेवटच्या तीन-चार रेघांवर. फळं धरायला लवकर उडी मारली तर उतरताना गोगलगायीच्या बोकांडी. उशिरा मारली तर शेकोटीत. फळं सोडून नुसती शेकोटी ओलांडली तर पुढचं फळ कुठं आहे माहीत नाही. गोगलगायीला धडकलास तर स्केटबोर्ड जातोय, जीव वाचतोय, पण आता तू पायी, आणि पायी त्याच पट्टीवर पुढचं फळ गाठायचं म्हणजे बोंबच. हे सगळं एका सेकंदात ठरवायचं. आणि हवेत असतानाच कुऱ्हाड फेकली तर गोगलगाय मरतीय हे ज्याला सुचलं तो राजा. हे असलं गणित मारिओ करायला लावत नाही.

तर प्रश्न असा की एवढा चांगला गेम, त्याच्या नंतर कितीतरी भाग आले, आणि आज सगळं गार. कुणी नावही काढत नाही. तुमच्यापैकी कोण कोण खेळलंय, कुठपर्यंत गेलाय, लिहा. सीमाप्रश्न, पाणीप्रश्न आणि क्रिकेट या धाग्यावर आणू नका, हात जोडतो.

अनगोळी :

पहिला मीच का? वाखूसा (वाचनखूण साठवली).

मारिओत पण टाइम असतोच की हो शहापूरकर. ४०० पासून खाली येतो, शून्य झालं की खलास. मग वेगळं काय?

शहापूरकर :

अनगोळी, लई फरक आहे. मारिओचा टाइम म्हणजे पेपरचा वेळ, तो संपेपर्यंत तुझं तू बघ, पुन्हा भरून मिळत नाही आणि इतका जास्त असतोय की लक्षही जात नाही. इथं पट्टी काही सेकंदांत रिकामी होते आणि ती भरायची असेल तर धोका पत्करावा लागतो. फळं मुद्दाम वाईट जागी ठेवलेली आहेत. खड्ड्यावर, शेकोटीवर, सापाच्या डोक्यावर. म्हणजे टाइम आणि वाट दोन्ही एकाच धाग्यात ओवलंय. बघ परत खेळून.

टॉमटॉम :

बोलू काय? बोलतोच.

शहापूरकर, तुम्ही ज्याचं एवढं कौतुक करूलालाय तो गेम हडसन या जपानी कंपनीनं काढला, पण मुळात तो हडसनचा नाहीच. तो वंडर बॉय आहे. १९८६ ला एस्केप नावाच्या छोट्या जपानी कंपनीनं, जिचं पुढं वेस्टोन झालं, आर्केडसाठी केला, डिझाइन र्युइची निशिझावा यांचं. सेगानं तो बाजारात आणला. पट्टी, स्केटबोर्ड, अंडी, कुऱ्हाड, मुंडकी बदलणारा राक्षस, सगळं तिथलं. हडसननं तेच उचलून निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या टीव्ही गेमच्या डब्यावर टाकलं आणि हिरो बदलला. मग कौतुक कुणाचं करायचं, मूळ लिहिणाऱ्याचं की झेरॉक्सवाल्याचं?

आणि एक. वंडर बॉय झोपलेला नाही. २०१७ ला पॅरिसच्या लिझर्डक्यूब कंपनीनं ड्रॅगन्स ट्रॅप हा वंडर बॉयचा जुना भाग हातानं रंगवल्यासारखा नव्यानं काढला, २०१८ ला मॉन्स्टर बॉय आला, २०२१ ला मॉन्स्टर वर्ल्डच्या चौथ्या भागाचा रीमेक. जिवंत आहे की घराणं. मेलंय ते तुमचं.

खानापूरची :

पॉपकॉर्न घेऊन बसले 😀

शहापूरकर :

टॉमटॉम, तुम्ही येणार हे माहीत होतं, नावातच दिसतंय 🙂 (बाकीच्यांसाठी, टॉमटॉम हे वंडर बॉयच्या त्या पोराचं नाव.)

फॅक्ट तुमची बरोबर, पण झेरॉक्स हा शब्द नको. चोरी नव्हती ती. गेमचे हक्क एस्केपकडं होते, पण वंडर बॉय हे नाव आणि ते पोरगं सेगाचं. मग हडसननं रीतसर लायसन घेतलं, आणि पोरगं वापरता येत नव्हतं म्हणून स्वतःच्या कंपनीतलाच एक माणूस हिरो म्हणून घातला. खरा माणूस! ताकाहाशी मेइजिन. हडसनच्या प्रचार विभागातला माणूस, सेकंदाला १६ वेळा बटण दाबतो म्हणून जपानमधली पोरं त्याच्यामागं वेडी झालेली. जपानी नावच मुळी "ताकाहाशी मेइजिन नो बोकेनजिमा" असं आहे. १९८८ ला अमेरिकेत गेला तेव्हा त्याचा मास्टर हिगिन्स झाला. म्हणून तो गडी पोराटोरासारखा दिसत नाही, गुबगुबीत बाप्या दिसतोय. कुठल्या कंपनीनं आपल्याच ऑफिसातल्या माणसाला पाला नेसवून बेटावर पळवलंय सांगा बघू.

आणि याच ताकाहाशींनी पोरांना सांगितलेलं, गेम रोज एकच तास खेळा म्हणून. हे आमच्या आईला तेव्हा कळलं असतं तर फोटो लावून उदबत्ती लावली असती.

दुसरं, पहिल्या भागापुरतं तुमचं म्हणणं मान्य करता येईल, पण पुढं काय झालं? वंडर बॉय तलवार, चिलखत, दुकानं, पैसे अशा वाटेनं गेला. भारी गेम आहेत ते, नाही कोण म्हणतंय. पण ती मूळची पळापळ, ती भुकेची पट्टी तिकडं मागं पडली. ती वाढवली हडसननं. १९९१ ला दुसरा भाग, १९९२ ला तिसरा. डायनासोर कुणी आणले? हडसननं. सख्खे भाऊ वेगळे राहिले म्हणून एकाला झेरॉक्स म्हणायचं नसतं.

निपाणीकर :

डायनासोर!!! नाव काढलंत आणि अंगावर काटा आला.

आमच्याकडं दुसरा भाग होता. म्हणजे आमचा नव्हे, भाड्यानं आणायचो. बसस्टँडच्या अलीकडं एक कॅसेट लायब्ररी होती, हिंदी पिक्चरच्या कॅसेटी आणि कोपऱ्यात गेमच्या. सिंगल कॅसेटला डिपॉझिट जास्त. अंडं फुटलं की पत्त्याचं चिन्ह निघायचं, बदाम, इस्पिक, किलवर, चौकट, आणि त्याप्रमाणं वेगवेगळा डायनासोर. एक उडणारा, वरून दगड टाकायचा. एक पाण्यात पोहणारा. एक जाळ ओकणारा. एक शेपटीनं हाणणारा, तो बर्फावर घसरत नसे. आणि जास्तीचं मिळालेलं साठवून ठेवायचं, पुढच्या राउंडाला निघताना काय न्यायचं ते निवडायचं. मी आणि माझा चुलतभाऊ यावर भांडायचो, तो म्हणायचा उडणारा राखून ठेव, मी म्हणायचो आत्ता वापर, उद्या कॅसेट परत द्यायची आहे, राखून काय लोणचं घालायचंय काय.

तो भाऊ आता चिकोडीला बँकेत आहे, अजून तसाच आहे, सगळं एफडीत.

कडोलीचा गडी :

आमच्याकडं टीव्हीच उशिरा आला त्यामुळं घरी खेळणं नव्हतंच. मी बेळगावात खडेबाजाराच्या बोळातल्या एका पार्लरला जायचो, शाळा सुटल्यावर, बस येईपर्यंत. अर्ध्या तासाचे पैसे द्यायचे, आणि मालक घड्याळ बघत बसायचा. तिथं आमची मराठी पोरं आणि कन्नड शाळेतली पोरं एकाच बाकावर. आम्ही खेळताना ती मागून ओरडायची, "ओड ले ओड, निंद्रब्याड!" आणि ते खेळताना आम्ही ओरडायचो "पळ की, उभा काय ऱ्हायलास!" शहापूरकर म्हणताहेत ती पट्टीची गोष्ट तिथं बरोबर कळायची. काँट्रा खेळताना मागची पोरं गप बघत असायची, या गेमला सगळं पार्लर ओरडायचं.

माझी मजल तिसऱ्या एरियापर्यंत. पुढं कुणी नेलेलं बघितलं नाही, करंट जायचा नाहीतर बस यायची.

सोल्डरमामा :

हा धागा मला कुणीतरी फॉरवर्ड केला. मी टीव्ही-रेडिओ रिपेअरीवाला, आता मोबाइल. हे डबे लई उघडलेत.

पहिलं, भाग एक सगळ्या ९९९९ मध्ये का असायचा आणि दोन-तीन का नसायचे याचं कारण ऐका. भाग एक आकारानं लहान. प्रोग्रॅमला ३२ केबी, चित्रांना ३२ केबी, आणि कॅसेटीत चित्रांची पानं बदलायला अगदी साधी चिप लागते. त्यामुळं स्वस्तातल्या बोर्डावर असे दहा-वीस गेम सहज बसतात, मग तेच गेम लेव्हल बदलून, नाव बदलून ९९९९ केले. तुम्ही मेनूत खाली खाली गेलात तर तोच गडी थेट दुसऱ्या एरियात उभा मिळायचा, नाव काहीतरी भलतंच. भाग दोन आणि तीन मोठे, त्यांना निन्टेन्डोची एमएमसी-३ नावाची भारी चिप लागायची, तिची नक्कल महाग. म्हणून ते सिंगल कॅसेटीत, किंवा ४ इन १, ६ इन १ अशात. निपाणीकरांच्या लायब्ररीवाल्यानं डिपॉझिट जास्त घेतलं ते उगाच नाही.

दुसरं, बऱ्याच जणांची तक्रार असते की आता मोबाइलवर, कॉम्प्युटरवर खेळलं की झेपत नाही, म्हातारे झालो. म्हातारे झालाच असाल, पण ते एकच कारण नाही. जपानचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढायचा, आपला पाल पद्धतीचा, ५० वेळा. गेम हालतो चित्राच्या मापानं. म्हणजे आपण लहानपणी जे खेळलो ते मुळापेक्षा सहाव्या हिश्श्यानं सावकाश होतं. गाणं पण सावकाश. आता इम्युलेटर, म्हणजे मोबाइल-कॉम्प्युटरवर जुने गेम चालवणारा प्रोग्रॅम, ६० नं चालवतोय म्हणून गडी अंगात आल्यासारखा पळतोय. सेटिंगमध्ये पाल किंवा डेंडी असं असेल ते निवडा, लहानपण परत मिळेल. गुडघे मिळणार नाहीत.

शहापूरकर :

मामा!!! साष्टांग. हे मला खरंच माहीत नव्हतं. आता कळलं पोराच्या टॅबवर ते गाणं मला का टोचत होतं. ते गाणं म्हणजे जून चिकुमा यांचं, हडसनच्याच बॉम्बरमॅन गेमचं संगीत पण त्यांचंच. टॉमटॉम, हे पण लिहून घ्या, वंडर बॉयचं गाणं वेगळं होतं, हडसननं स्वतःचं केलं.

टॉमटॉम :

लिहून घेतलं. गाण्याचा मुद्दा तुमचा. मुद्दा एकच हं.

खानापूरची :

सगळे पुरुषच बोलूलालेत म्हणून मी लिहिते. आमच्या घरात हा गेम मी आणि माझी धाकटी बहीण खेळायचो, दादाला जमायचंच नाही, तो नुसता वाकडा तिकडा होऊन रिमोट हवेत उडवायचा, जसं काय रिमोट उचलला की गडी जास्त उंच उडणार आहे.

कुणी मधमाशी लिहिली नाही अजून! पहिल्या एरियाच्या पहिल्याच राउंडात, शेवटच्या पाटीनंतर, संपायच्या जरा आधी एक लपलेलं अंडं आहे, दिसत नाही, बरोबर जागी उडी मारली की प्रकटतं. त्यात मधमाशी. ती हडसनचं चिन्ह. ती घेतली की सगळे गडी मेल्यावर उजवं बटण दाबून धरायचं आणि स्टार्ट मारायचं, मेलात त्याच एरियापासून परत. मधमाशी नाही घेतली तर परत एक-एक पासून, रडा. आम्हाला हे शेजारच्या कानडी काकूंच्या भाच्यानं सांगितलं, तो हुबळीहून सुट्टीला आलेला. त्याला मराठी येत नव्हतं, आम्हाला तेव्हा कन्नड शाळेपुरतंच, त्यानं नुसतं रिमोट हातात घेऊन दाखवलं. बहिणीनं वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून ठेवलेलं, पाटी, खड्डा आणि फुली.

शेवटपर्यंत गेलो आम्ही. शेवटचं मुंडकं उडवलं तेव्हा आई भाकऱ्या थापत होती, तिला ओढत आणलं टीव्हीपुढं. ती म्हणाली, "झालं काय? मग आता बंद करा." 😀

निपाणीकर :

खानापूरची ताई, दंडवत. उजवं + स्टार्ट माहीत होतं, मधमाशी लागते हे माहीत नव्हतं. म्हणून कधी चालायचं कधी नाही. इतकी वर्षं मी रिमोटला शिव्या दिल्या.

अनगोळी :

मी जरा उलटं बोलतो, रागावू नका. सगळे आठवणीत वाहवत चाललाय. गेम म्हणून बघा ना निवांत. ३२ राउंड म्हणता पण देखावे किती? जंगल, गुहा, समुद्रकिनारा, बर्फ, ढग, परत जंगल. तेच तेच फिरवून दिलंय. मेलं की कुऱ्हाड जाते, स्केटबोर्ड जातो, आणि सातव्या-आठव्या एरियात कुऱ्हाडीशिवाय पाटीपासून सुरू करायचं म्हणजे नुसता जुलूम. एकदा मेलास की मेलासच, पुढं सावरताच येत नाही. याला मी अवघड म्हणणार नाही, याला वाईट डिझाइन म्हणेन. मारिओत लहान झालास तरी लेव्हल पार करता येते. लोक विसरले ते उगाच नाही विसरले.

शहापूरकर :

अनगोळी, रागावायचं काय त्यात, धागा त्यासाठीच आहे.

तेच तेच देखावे, हे खरंय. १९८६ चा गेम, मामांनी सांगितलंच चित्रांना जागा किती होती. कुऱ्हाडीचं मात्र मी तुमच्यासारखं बघत नाही. ती जाते म्हणून तर ती जपावीशी वाटते. पण तुमचा आक्षेप हडसनलाच आधी सुचला असणार, कारण दुसऱ्या भागात त्यांनी नेमकं तेच सुधारलं. साठवणीची सोय केली. कुऱ्हाड शिल्लक असेल तर घेऊन निघ, डायनासोर असेल तर त्याच्यावर बसून निघ. राउंड लहान केले. वर चढायचे, पाण्याखालचे राउंड आणले. आणि पट्टी तशीच ठेवली! भूक काढली नाही, शिदोरी दिली. म्हणून मी म्हणतोय की या मालिकेचा खरा कस दोन आणि तीनमध्ये आहे, आणि लोक एक बघून, तो पण ९९९९ मधला, निकाल देऊन मोकळे होतात. तिसऱ्यात तर शिंगवाला ट्रायसेराटॉप्स आणि बूमरँग पण आलं. गोष्ट म्हणाल तर परग्रहावरचे लोक त्याच्या मैत्रिणीला उचलून नेतात, इतकी येडी, पण चालतंय.

विसरले का याचं माझं उत्तर वेगळं आहे. एक तर वर टॉमटॉमनी केलं तेच, सगळ्यांनी वंडर बॉयची नक्कल म्हणून बाजूला सारलं. दुसरं म्हणजे हडसनला स्वतःलाच कळेना याचं काय करायचं. १९९२ ला सुपर निन्टेन्डोवर सुपर ॲडव्हेंचर आयलंड आला, त्याला संगीत युझो कोशिरोंचं, ऐकून बघा, पण डायनासोर गायब. त्याच वर्षी पीसी इंजिन या दुसऱ्या गेमच्या डब्यावर न्यू ॲडव्हेंचर आयलंड, तो परत पहिल्या भागासारखा. सुपरचा दुसरा भाग आला तो तलवारी आणि चिलखतवाला, म्हणजे वंडर बॉयच्या वाटेनं! चौथा भाग १९९४ चा, फॅमिकॉमवर अधिकृतपणे निघालेला शेवटचा गेम तो, आणि तो पण सरळ पळायचा नाही, मागं पुढं फिरत वाट शोधायची. जपानच्या बाहेर आलाच नाही. म्हणजे मालिकेला एक चेहराच राहिला नाही.

मग मोठी सुट्टी. २००३ ला पहिल्या भागाचा नव्या चित्रांतला रीमेक, फक्त जपानात. २००९ ला निन्टेन्डोच्या वी या डब्यावर "द बिगिनिंग" नावाचा एक डाउनलोड गेम. २०१२ ला हडसन कोनामी कंपनीत विरघळली आणि विषय संपला. बॉम्बरमॅन मात्र २०१७ ला निन्टेन्डोच्या स्विच या नव्या डब्याबरोबर कोनामीनं परत काढला. एकाच घरातला एक पोरगा शिकवला आणि दुसरा शेतात, असं झालं बघा.

टॉमटॉम :

यात भर घालतो, आणि हे तुमच्या बाजूचं आहे, तेव्हा जपून वाचा. १९९१ ला जपानात पीसी इंजिनवर "ॲडव्हेंचर आयलंड" याच नावानं एक गेम निघाला. तो कुठला? वंडर बॉयचा ड्रॅगन्स ट्रॅप. हडसननं तो पीसी इंजिनवर चालेल असा करून काढला आणि नाव आपल्या बेटाचं दिलं. म्हणजे गोंधळ गिऱ्हाइकानं केला नाही, घरातच होता.

आणि तो २००९ चा गेम आता विकतही मिळत नाही. वीचं ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ ला बंद झालं, तो फक्त तिथंच होता. हे मात्र मला पण वाईट वाटतं. आमचा वंडर बॉय दुकानात आहे, तुमच्या गड्याचा शेवटचा गेम पैसे दिले तरी मिळत नाही.

शहापूरकर :

टॉमटॉम, कुंदा खायला या एकदा. खरंच.

मुंबईकर जावई :

धागा वाचून मजा आली. मी बेळगावचा जावई, सासरवाडी टिळकवाडी. अवांतर : कुंदा नेमका कुठला घ्यायचा हो? प्रत्येक जण वेगळं दुकान सांगतो.

कडोलीचा गडी :

झालं. आता शंभर प्रतिसाद कुंद्यावर.

खानापूरची :

जावईबापू, कुंद्याला वेगळा धागा काढा, तिथं मी पण भांडेन.

मला विचारायचंय ते हे, माझी मुलगी सातवीत आहे, तिला हा गेम दाखवावा म्हणते. मोबाइलवर ती जे खेळते त्यात पण नुसतं पळायचंच असतं, थांबता येतच नाही. तिला आवडेल काय? आणि कुठल्या भागापासून सुरू करू? पहिला दाखवला तर चौथ्या राउंडात सोडून देईल अशी भीती आहे.

शहापूरकर :

ताई, दुसऱ्यापासून. पहिला नको. दुसऱ्यात पहिलं बेट सोपं आहे, डायनासोर लवकर मिळतोय, पोरं त्यावरच खूश होतात. माझ्या पोराला मी आधी पहिला दिला, त्यानं वांगं बघून हसून हसून टॅब खाली ठेवला आणि मग विसरूनच गेला. दुसरा दिला तर जेवायला उठेना.

मोबाइलच्या पळापळीच्या गेमांबद्दल बरोबर बोललात. पण एक फरक तिला सांगून बघा. मोबाइलवाल्यात गडी आपोआप पळतोय, बोटानं नुसतं चुकवायचं. इथं पळायचं की नाही ते तुमच्या हातात आहे, बी बटण दाबून धरलं तर जोरात पळतो आणि उडी लांब जाते, सोडलं तर चालतो. पट्टी मागं लागलेली आहे म्हणून तुम्ही पळता. थांबायची मुभा असून थांबता येत नाही, त्यात खरी गंमत आहे. तिला जमलं आणि आवडलं तर मग पहिला द्या, मधमाशीची जागा सांगून. बहिणीची ती वही शिल्लक असली तर फोटो टाका की इथं.

खानापूरची :

वही कसली राहतेय, घर बदललं तेव्हा रद्दीत गेली. बहीण आता धारवाडला असते, तिला लिंक पाठवलीय. ती म्हणते मधमाशी अजून डोळे झाकून काढेन. यायला सांगितलंय गणपतीला.

निपाणीकर :

माझ्याकडं घरी माळ्यावर एक पिवळी कॅसेट सापडली, वरचं चित्र डायनासोरवाल्या गड्याचंच आहे, दोन की तीन ते कळत नाही, लेबल अर्धं उंदरानं खाल्लंय. डबा पण आहे पण चालू होत नाही, टीव्हीवर नुसती करड्या रंगाची पट्टी येते. फुंकर मारून बघितलं. मामा, काही होईल काय?

सोल्डरमामा :

आधी फुंकायचं बंद करा. तोंडातली वाफ आणि थुंकी पिनांवर बसते आणि तांब्याला गंज चढतो. लहानपणी फुंकल्यावर चालायचं ते फुंकीमुळं नव्हे, कॅसेट काढून परत नीट बसवल्यामुळं.

शाळेचा पांढरा खोडरबर घ्या, पिनांवर हलक्या हातानं घासा, दोन्ही बाजूंनी, मग कापसावर थोडं आयसोप्रोपिल घेऊन पुसा, मेडिकलात मिळतं. वाळू द्या. डब्याचा ॲडॉप्टर जुना असेल तर तो आधी मीटरवर बघा, ९ व्होल्टच्या नावाखाली भलतंच काहीतरी देत असतात, आतली रेग्युलेटर चिप उडते. ॲडॉप्टर बरोबर असूनही चालला नाही तर डबा बेळगावला घेऊन या, बघू. दोन आहे की तीन ते ओळखायचं असेल तर कॅसेटीवरचं चित्र नीट बघा, शिंगवालं जनावर असेल तर तीन.

निपाणीकर :

शिंगं आहेत मामा!! रविवारी निघतो सकाळच्या गाडीनं.

शहापूरकर :

मी पण येतो दुकानात. टॉमटॉम, तुम्ही पण या, रिमोट दोन आणा.